एक तारखेपर्यंतचा दात

रेनीटाला मी माफ करणार नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी आम्ही गळ्यात पडून रडलो असं कोणाला वाटायला नको. माझ्या सख्ख्या भावाची बायको आहे ती. एकाच चर्चमध्ये जातो, ती तिसऱ्या बाकावर बसते, मी पाचव्या. हे सगळं घडलं तेव्हा सव्वा वर्ष आमचं बोलणं बंद होतं, आणि त्याला कारण एक दात. तोही आमच्या दोघींपैकी कोणाच्या तोंडातला नव्हता.

मी ओपल स्टिडम. केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या गावात दातांचा एकच दवाखाना आहे, डॉक्टर प्रुइटांचा, आणि त्याच्या काउंटरवर मी सत्तावीस वर्षं बसते आहे. आधी थोरले प्रुइट होते, आता त्यांचा मुलगा आहे. डॉक्टर दात बघतात, मी कार्डं बघते. कोणाचा विमा कशाला पैसे देतो, किती देतो आणि कुठल्या ओळीत अडकवतो, हे मला तोंडपाठ असतं. गावातले लोक ड्रिलला घाबरत नाहीत तेवढे मला घाबरतात. घाबरू देत.

आमच्याकडे माणसाला दोन कार्डं लागतात, एक शरीराचं आणि एक दातांचं. असं का, ते मला विचारू नका. पोट दुखलं तर एक कंपनी, दाढ दुखली तर दुसरी. लोक दोन्ही कार्डं एकाच रबरबँडमध्ये बांधतात आणि काउंटरवर आले की हमखास भलतंच पुढे करतात. मी रोज ओरडते, पालथ्या घड्यावर पाणी. आणि जेव्हा खरी वेळ आली तेव्हा दोन्ही कार्डं एकच आहेत असं समजून मीच बसले होते.

ते असं झालं. माझी भाची केन्ड्रा, माझा भाऊ डॉयल आणि रेनीटाची एकुलती एक. डॉयल लाकडाच्या वखारीत कामाला, त्यामुळे सगळ्या घराचा विमा वखारीचा. पोरगी अठराची व्हायला आली असताना शाळेच्या सॉफ्टबॉल सामन्यात चेंडू तोंडावर बसला. वरचा, समोरचा, डावीकडचा दात. पडला नाही, पण आतून मेला आणि हळूहळू राखाडी पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, "रूट कॅनाल करून वर कॅप बसवावी लागेल. आज नाही तर वर्षभरात, पण बसवावी लागेल."

रेनीटाने मला विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. "ओपल, या उन्हाळ्यातच उरकून टाकू का?"

"घाई कसली?" मी म्हटलं. "शाळा संपू दे पोरीची. अजून आठ वर्षं आहेत तुझ्या हातात."

आठ वर्षं मी कुठून काढली? कायद्यातून. वॉशिंग्टनहून नवा विम्याचा कायदा आला होता. आमच्या डोंगरात त्याला शिव्या घालणारेच जास्त, पण त्यातली एक गोष्ट शिव्या घालणाऱ्यांनीसुद्धा गुपचूप पदरात पाडून घेतली होती: मूल सव्वीस वर्षांचं होईपर्यंत आईबापाच्या विम्यावर राहू शकतं. मी तर काउंटरच्या काचेवर मोठ्या अक्षरात कागदच लावला होता. मूल सव्वीसच्या आत आहे? काळजी नको. लोक वाचायचे आणि मला धन्यवाद द्यायचे, आणि मीही ते अगदी मान हलवून घ्यायचे.

मे महिन्यात केन्ड्राला एकोणीस पूर्ण झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती खुर्चीत बसली, गळ्याला कागदी रुमाल बांधला, आणि मी विमा कंपनीला फोन लावला.

"हिचा विमा एकतीस मेला संपला," पलीकडची बाई म्हणाली. आवाज इतका गोड की कॉफीत साखर नको.

"संपेल कसा? सव्वीसपर्यंत आहे."

"ते आरोग्य विम्याला, मॅडम. दातांची पॉलिसी वेगळी असते. या पॉलिसीत मुलं एकोणीसपर्यंतच."

"आणि कायदा?"

"कायद्यानेही मुलांचे दात एकोणीसपर्यंतच धरलेत. पुढचं ज्याच्या त्याच्या पॉलिसीवर."

"दात आरोग्यात येत नाहीत, तर कशात येतात? फर्निचरमध्ये?"

"आणखी काही मदत करू शकते का, मॅडम?"

मी फोन आपटला. कायदा करणाऱ्या शहाण्यांनी माणसाचं शरीर ओठांपाशी संपवून टाकलं होतं, आणि जिचा जन्म या काउंटरवर गेला त्या बाईला ते माहीत नव्हतं. केन्ड्राच्या गळ्यातला रुमाल मी स्वतः सोडला. ती म्हणाली, "असू दे ग आत्या, दुखत तर नाहीये." त्या दिवशी काचेवरचा कागद फाडून टाकला.

पुढच्या रविवारी चर्चच्या जेवणात, पन्नास माणसांसमोर, बटाट्याच्या सॅलडचा मोठा चमचा हातात धरून रेनीटा म्हणाली, "एवढी वर्षं त्या काउंटरवर बसलीय आणि साधं कार्ड वाचता येत नाही. हिच्या शहाणपणापायी माझ्या पोरीचा दात जाणार." सगळे ताटात बघायला लागले. डॉयलसुद्धा. मी माझं ताट तिथंच ठेवलं आणि घरी आले.

दुसऱ्याच दिवशी मी रूट कॅनालच्या पूर्ण पैशांचा चेक लिहून पाठवला. चूक माझी होती, ती मी भरून देत होते. आठवड्याने तो चेक चर्चच्या दानाच्या पाकिटातून माझ्याकडे परत आला, मधोमध फाडलेला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची रेनीटाची जुनी खोड. नाक तिचं स्वतःचं असतं तर मी एक अक्षर बोलले नसते.

आता एवढं काय त्या एका दातात, असं वाटेल कोणाला. मग माझंच सांगते. आमच्या डोंगरात पूर्वी एक रीत होती. मुलीची शाळा संपली की लग्नाआधी बाप तिला दवाखान्यात न्यायचा, सगळे दात काढून कवळी बसवून द्यायचा. पुढे नवऱ्याला दातांचा खर्च नको, म्हणून भेट. माझ्या वडिलांनी मला एकोणिसाव्या वाढदिवसाला दिली. अठ्ठावीस दात होते माझे, त्यातले वीस तरी चांगले. थोरल्या प्रुइटांनीच दोन खेपांत काढले. मी वडिलांना थँक यू म्हटलं, कारण भेट मिळाली की म्हणायचं असतं. लग्न काही झालं नाही, कवळी राहिली.

हे डॉयलला माहीत आहे आणि दोन्ही प्रुइटांना. रेनीटाला नाही, केन्ड्राला तर नाहीच. दवाखान्यात ज्या खुर्चीवर सगळं गाव बसतं तिच्यावर मी सत्तावीस वर्षांत एकदाही बसले नाही. आमच्या घरात निदान एक बाई स्वतःच्या दातांनी म्हातारी व्हावी, एवढीच माझी इच्छा होती. फार मागत नव्हते.

केन्ड्रा पोरगी गुणाची. माझे पैसे घ्यायचे नाहीत ही आईने घातलेली शपथ मोडायची नाही आणि मला भेटल्याशिवाय राहायचं नाही, दोन्ही सांभाळायची. लहानपणी शाळा सुटली की दवाखान्यात यायची, माझ्या खुर्चीमागे बसून रंगवत राहायची. दात राखाडी झाल्यापासून वरचा ओठ खाली ओढून हसायला शिकली होती. फोटोत तोंडावर हात. वीस वर्षांच्या पोरीने हसताना तोंडावर हात का धरायचा?

पुढच्या वर्षीच्या जुलैत तिला तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी लागली, काउंटरवर, लोकांकडे बघून हसायची नोकरी. आणि नोकरीबरोबर दातांचा विमा, एक ऑक्टोबरपासून. तिने मला पॉलिसीचं पुस्तक आणून दिलं. मी ते घरी नेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. एकदा तोंडावर पडले होते, पुन्हा पडणार नव्हते. रूट कॅनाल, कॅप, सगळं होतं, पहिल्या दिवसापासून. फक्त पान सतरावर ती ओळ होती, जी अशा पुस्तकांत नेहमी असते: पॉलिसी सुरू होण्याआधी जो दात तोंडात नव्हता, त्याच्या जागी काहीही बसवायचा खर्च मिळणार नाही. आत्ता नाही, पुढेही नाही. म्हणजे एक तारखेला दात तोंडात हवा. कसाही असो, मेलेला असो, राखाडी असो, हवा.

सप्टेंबरच्या आठ तारखेला केन्ड्रा काउंटरवर आली. वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता.

"आत्या, सुरू झालं ग ते."

डॉक्टरांनी बघितलं. मुळाशी पू झाला होता. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, आजच उघडून साफ केलेला बरा. मी लगेच म्हटलं, "करून टाका. पैसे मी भरते."

"नको," केन्ड्रा म्हणाली. "आईने शपथ घातलीय. तुझा एक सेंटही घ्यायचा नाही."

"मग तिला सांग तिने भरावे."

"आत्या, नको ना. तीनच आठवडे आहेत. गोळ्या घेते."

"बरं. मग नीट ऐक. एक तारखेपर्यंत त्या दाताला कोणालाही हात लावू द्यायचा नाही. एक तारखेला सकाळी आठची पहिली खुर्ची तुझी."

"का? हात लावला तर काय होईल?"

इथे मी थांबायला हवं होतं. पान सतरा उघडून तिच्यापुढे धरायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. पण समोर पाच माणसं खोळंबली होती, फोन वाजत होता, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. खरं ते वेगळंच. मला कारण द्यायचं नव्हतं. या घराने एकदा तरी, मी सांगते म्हणून, मुकाट्याने ऐकावं असं मला वाटत होतं.

"का म्हणजे? मी सांगते म्हणून," मी म्हटलं. "आणि आईला विचारत बसू नकोस. तिला काय कळतंय त्यातलं."

गोळ्यांनी सूज उतरली. दहा-बारा दिवस बरे गेले. गुरुवारी, पंचवीस तारखेला, तिचा बँकेतून फोन आला. बाथरूममध्ये उभी राहून बोलत असावी, आवाज घुमत होता.

"आत्या, परत दुखतंय. कानापर्यंत ठणका जातोय."

"सहा दिवस राहिलेत."

"झोप नाही लागत."

"दुसऱ्या बाजूने चाव. बर्फ लाव. दुखणं काय मला माहीत नाही? मी याहून पुष्कळ सोसलंय."

"तू काय सोसलंयस?" तिने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

"गोळ्या परत लिहून द्यायला सांगते डॉक्टरांना," मी म्हटलं आणि फोन ठेवला. गोळ्या औषधाच्या दुकानात पाठवल्या. शुक्रवारी आमचा दवाखाना बंद असतो.

शनिवारी सकाळी साडेसातला मी कॉफी करत होते. फोनवर रेनीटाने टाकलेला फोटो आला. बोलणं बंद असलं तरी एकमेकींचे फोटो आम्ही दोघी बघतो, सगळं गाव बघतं. जत्रेच्या मैदानावरची गुरांची शेड. वर्षातून एकदा तिथे फुकट शिबिर भरतं, बाहेरगावचे डॉक्टर येतात, लोक आदल्या दिवसापासून गाड्या लावून बसतात. फोटोत केन्ड्रा, अंगावर घोंगडी, मनगटाला कागदी पट्टी, पट्टीवर एकशे चौदा. खाली रेनीटाने लिहिलं होतं: कार्ड न विचारणारे डॉक्टरही असतात, देव त्यांचं भलं करो.

तो टोमणा मला होता, हे सगळ्या डोंगराला कळलं असेल.

मी केन्ड्राला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मग रेनीटाचा नंबर काढला. नंबरावर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिले. काय म्हणायचं होतं? 'रेनीटा, काढू देऊ नकोस.' चार शब्द. पण पहिला फोन मी केला असता, आणि ते तिने पुढच्या चर्चच्या जेवणात चमचा हातात धरून पन्नास जणांना सांगितलं असतं. मी फोन टेबलावर पालथा ठेवला. कॉफी प्यायले. पूर्ण कप प्यायले. मग मात्र राहवेना, किल्ली उचलली आणि निघाले. मैदान आमच्या गावाहून डोंगराच्या वळणांनी तासाभरावर आहे.

पोचले तेव्हा नऊ वाजले होते. शेडमध्ये खुर्च्यांच्या दोन लांब रांगा, शेणाच्या वासावर औषधाचा वास. माईकवरून नंबर पुकारत होते. एकशे बावीस चालू होता.

रेनीटा मला लांबूनच दिसली. केन्ड्रा शेजारच्या बाकावर, गालात कापूस, डोळे लाल, तोंडावर हात.

"आलीस?" रेनीटा म्हणाली. सव्वा वर्षातला पहिला शब्द. "ये, बघून घे. तुझ्या दवाखान्यात तीन आठवडे ताटकळली, इथे वीस मिनिटांत मोकळी झाली. कार्ड नाही, काच नाही, काचेवर कागद नाही."

"काय केलंत?"

"काढला. सडलेला होता."

"चार दिवस, रेनीटा. चार दिवस फक्त तोंडात ठेवायचा होता."

"तू होतीस का रात्री तिच्याजवळ? भिंतीवर डोकं आपटत होती पोरगी. मी आई आहे तिची, काउंटरवरची बाई नाही."

"आपटू द्यायचं होतं. डोकं आपटून दात पडत नाही."

हे मी बोलले. केन्ड्राच्या समोर. शब्द तोंडातून गेला तेव्हाच कळलं, पण आता थांबायचं कसं ते मला येत नव्हतं. मी मोठ्याने, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, पान सतरावरची ओळ म्हणून दाखवली. शब्दन् शब्द. "म्हणजे आता ब्रिज नाही, खोटा दात नाही, काही नाही. बुधवारी हिचा विमा सुरू होईल आणि सगळ्या तोंडाला पैसे देईल, तेवढी एक जागा सोडून. काल दात होता तर विमा नव्हता, बुधवारी विमा असेल तर दात नाही. वीस मिनिटांत मोकळी केलीस ना, आता जन्मभर बघ त्या मोकळ्या जागेकडे."

रेनीटाचा चेहरा उतरला. "असं कुठे असतं? दात पडला म्हणून तर विमा लागतो."

"सगळीकडे असतं."

ज्याने दात काढला होता तो डॉक्टर हातमोजे बदलत शेजारी उभा होता. तरुण होता, परगावचा. तो म्हणाला, "मी विचारलं होतं, विमा आहे का म्हणून. आई म्हणाल्या, नाही."

"नव्हताच," रेनीटा म्हणाली. "आज नाहीच आहे."

"चार दिवसांत सुरू होतोय एवढं सांगितलं असतं, तर मी नुसता पू काढून पाठवलं असतं. ठणका तेवढ्यानेही थांबला असता." तो हळू बोलला. त्याचाही मला राग आला, पण त्याने काही चुकीचं केलं नव्हतं.

रेनीटा माझ्याकडे वळली. "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"ऑगस्टपासून."

"ऑगस्टपासून." तिने तो शब्द सावकाश परत म्हटला. "आणि सांगितलं नाहीस?"

"केन्ड्राला सांगितलं होतं, कोणाला हात लावू देऊ नकोस."

"का लावू द्यायचा नाही, ते सांगितलंस?"

मी केन्ड्राकडे बघितलं.

"मला एक फोन करता आला नाही?"

"तू उचलला असतास?"

"नसता उचलला," रेनीटा म्हणाली. खोटं बोलत नाही ती, तेवढं मानते मी. "पण तू केला नाहीस."

रांगेतला एक म्हातारा, मनगटावरची पट्टी वर धरून म्हणाला, "बायांनो, जरा बाहेर जाऊन भांडा की. माझा नंबर पुकारला तर ऐकू येणार नाही मला."

केन्ड्रा उठली आणि चालायला लागली. कोणाकडे बघितलं नाही. माझी गाडी शेडच्या दाराशीच होती, कुलूप न लावता मी धावले होते, तिच्यात जाऊन बसली. आईची गाडी लांब लावलेली होती, एवढंच त्याचं कारण. मी जाऊन शेजारी बसले. ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. हात तोंडावर होताच.

"सोमवारी बँकेत जायचंय मला," कापसातून बोलली. शब्द फुसफुसत येत होते.

"माहीत आहे."

"आत्या, का सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, मी सांगितलं की ऐकशील."

"ऐकलं की. एकोणीस दिवस ऐकलं. मग नाही सोसवलं." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात तोंडावर असल्यामुळे ते हातावरच साचत होतं. "ती ओळ माहीत असती तर सोसलं असतं मी. दातावर दात दाबून आणखी चार दिवस काढले असते. आईलाही मीच थांबवलं असतं. मला फक्त कोणी सांगायला हवं होतं."

हात तरी खाली घे ग, लपवू नकोस, माझ्यापासून तरी लपवू नकोस, एवढंच मला वाटत होतं. मग मी जे केलं ते त्रेचाळीस वर्षांत कोणासमोर केलेलं नाही. वरची कवळी काढली, खालची काढली आणि मांडीवरच्या रुमालावर ठेवली. गाल आत बसले. हनुवटी नाकाकडे वर आली. आरशात बघायची मला गरज नव्हती, रोज सकाळी बघते.

केन्ड्राचा हात खाली आला. ती माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात माझ्या बाजूची काच वाजली. रेनीटा. हातात केन्ड्राची घोंगडी आणि गोळ्यांची पुडी. मी तोंड फिरवायच्या आत तिने बघितलं. ही बाई आता हसणार आणि उद्या चर्चमध्ये सांगणार, असं माझ्या मनात आलं. ती हसली नाही. दोन पावलं मागे गेली, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर येऊन बसली. घोंगडी पुढे केन्ड्राच्या खांद्यावर टाकली.

"कोणी काढले?" केन्ड्राने विचारलं.

"तुझ्या आजोबांनी काढवून घेतले. एकोणिसाव्या वाढदिवसाला. भेट होती." दातांशिवाय माझं बोलणं कसं येतं ते मलाच ऐकवत नाही, पण तिला सगळं कळलं.

"तुला हवी होती?"

"मला कोणी विचारलं नाही. त्यांना वाटलं, चांगल्यासाठीच करतोय."

"आईपण सकाळी हेच म्हणत होती. तुझ्या चांगल्यासाठी." केन्ड्राने गालातला कापूस काढला, त्याच्याकडे बघितलं, नीट घडी करून कागदात गुंडाळला. मग आरसा खाली ओढून ओठ वर केला आणि त्या जागेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मागे रेनीटाचा श्वास ऐकू येत होता.

"तुझे आजोबांनी एकट्याने काढले," केन्ड्रा म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझा तुम्ही दोघींनी मिळून काढलात."

मी आरशातून मागे बघितलं. रेनीटा माझ्याकडेच बघत होती. मी कवळी पुसून तोंडात बसवली आणि गाडी सुरू केली.

बुधवारी आठच्या खुर्चीवर वहीत केन्ड्राचंच नाव होतं. मी ते खोडलं नाही. आठ वाजले, सव्वाआठ वाजले. डॉक्टरांनी बाहेर डोकावून विचारलं, "ओपल, पुढचं कोणी बसवायचं का?" मी म्हटलं, "साडेआठपर्यंत राहू द्या." साडेआठला मी दुसऱ्याला आत पाठवलं.